‘घरीच घे’ म्हणण्याआधी

‘बाहेर चोरून पिण्यापेक्षा आमच्यासमोर घे,’ असे आठवी-नववीतल्या मुलांना सांगणाऱ्या पालकांनी आधी हिशेब करावा. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलि बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे व्हिस्कीच्या ३० मिलिच्या चार पेगांइतके! अल्कोहोलमुळे यकृताचे नवी साखर तयार करण्याचे काम मंदावते. मूल उपाशीपोटी असेल तर रक्तातली साखर झपाट्याने घसरते, झटकेही येऊ शकतात. घरच्यांना मात्र ते गाढ झोपले आहे असे वाटते, आणि यातच जीव जातो. हलवूनही जाग येत नसेल, श्वास मंद असेल, अंग गार लागत असेल, तर त्याला कुशीवर वळवून १०८ला फोन करावा, एकटे सोडू नये. लिंबूपाणी, कॉफी पाजू नये, उलटीही काढू नये. ती श्वासनलिकेत जाते.

पालकांनी दारू दिल्याने मुले सुरक्षित राहत नाहीत, हे ऑस्ट्रेलियातील सहा वर्षांच्या पाहणीतून २०१८मध्ये पुढे आले. आपल्याकडे तर बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ७७नुसार मुलाला दारू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आहे. त्यात अपवाद फक्त डॉक्टरांच्या आदेशाचा, आईवडिलांचा नाही.

— एक वाचक, पुणे