तुम्ही लिहून दिलेली कोची : एक खुले आभारपत्र

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी माझ्या आईच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा वॉर्डात रात्रपाळीला तुम्ही होतात. तुमचे नाव या पत्रात मी मुद्दाम लिहीत नाही. सोलापुरात केरळच्या सिस्टर इतक्या आहेत, की हे पत्र आपल्याच सिस्टरना लिहिलेले आहे असे आणखी कोणाला वाटले, तरी माझी हरकत नाही. वॉर्डातल्या सेवेबद्दल आभार मी तेव्हाच मानले होते. आजचे पत्र, तपासणीला आलो असताना तुम्ही औषध कंपनीच्या पॅडवर लिहून दिलेल्या दीड पानाच्या कागदाबद्दल आहे.

आईने सत्तर वर्षांत समुद्र पाहिलेला नव्हता. बोटीशी तिचा संबंध सिद्धेश्वर तलावात नातवंडांना फिरवण्यापुरताच. गुडघा बरा झाला की समुद्र दाखवायचा असे मी कबूल केले होते आणि जो तो गोव्याचे किंवा गणपतीपुळ्याचे नाव सुचवत होता. तुम्ही मात्र कोची म्हणालात, आणि लगेच कारणही दिलेत : पुणे–कन्याकुमारी एक्सप्रेस सोलापुरातून थेट एर्नाकुलम टाऊनला, म्हणजे कोचीच्याच एका स्थानकाला जाते, कुठे गाडी बदलावी लागत नाही. एका प्रवासी कंपनीने मला आधीच तीन दिवसांची मोटार आणि तासाभराची ‘क्रूझ’ असा भाव सांगितला होता. तुमच्या कागदाची पहिलीच ओळ होती, ‘मोटार ठरवू नका, बोटीने फिरा.’ ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका बऱ्याच होत्या, पण ‘ळ’ मात्र एकाही ठिकाणी चुकला नव्हता.

सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर आम्ही निघालो, आणि त्या पहिल्या ओळीचा अर्थ एर्नाकुलमच्या मुख्य बोट जेट्टीवर उभे राहिल्यावर कळला. पूर्वेला एर्नाकुलम, पश्चिमेला फोर्ट कोची आणि मट्टनचेरी, उत्तरेला वायपीन, मध्ये विलिंग्डन बेट, आणि या सर्वांच्या मध्ये पाणी. रस्त्याने फोर्ट कोचीला जायचे तर पूल ओलांडत, वाहतुकीत अडकत वळसा घ्यावा लागतो. बोट तेच अंतर सुमारे वीस मिनिटांत कापते आणि राज्य जलवाहतूक खात्याच्या बोटीचे तिकीट दहा रुपयांच्याही आत असते. १९६८ साली स्थापन झालेल्या या खात्याच्या बोटीत आमच्याशिवाय पर्यटक असे फारसे नव्हतेच. डबा घेऊन कामावर निघालेल्या बायका, फाइल मांडीवर ठेवून डुलकी काढणारे कारकून आणि दप्तरवाली मुले होती. आपली एसटी पाण्यावरून चालली असती तर अशीच दिसली असती.

पुढे उभा राहून सुकाणू धरणाऱ्याला तिकडे स्रांक म्हणतात. आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या ‘सारंग’ शब्दाचाच हा भाऊ. खाली इंजिनाजवळ बसलेल्या माणसाला पुढचे काही दिसत नाही, म्हणून स्रांक दोरी ओढून घंटेने त्याला हुकूम देतो, आणि धक्का जवळ आला की एक खलाशी दोराचा फास खुंट्यावर असा टाकतो की पाहणाऱ्याला त्यात काही कौशल्य आहे असे वाटूच नये. आईचे लक्ष समुद्राकडे कमी आणि त्या घंटेकडे जास्त होते.

वॉर्डात तुम्ही तिच्याकडून घोकून घेतलेला नियम, ‘चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी’, हा जिन्यासाठीच आहे अशी आमची समजूत होती. कागदावर त्याच्याखाली तुम्ही लिहिले होते, ‘धक्क्यावर आधी बघा, बोट वर आहे की खाली.’ कोचीत भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभराचा, पण तेवढ्यानेही सकाळी जी पायरी चढण असते ती दुपारी उतरण होते. आई प्रत्येक धक्क्यावर थांबून, ‘ही चढण की उतरण?’ असे मोठ्याने विचारत असे, आणि उत्तर मिळाल्याशिवाय पाय उचलत नसे. मागची रांग खोळंबली, तरी कोणी कुरकुर केल्याचे मला आठवत नाही. एका खलाशाने तर तिचा प्रश्न न समजताच हाताने ‘खाली’ अशी खूण केली.

पहिल्याच दिवशी आम्ही चुकलो, आणि चूक सर्वस्वी माझी होती. दोन बोटी शेजारी शेजारी लागल्या होत्या, पाट्या मल्याळममध्ये, आणि मी न विचारता गर्दीमागून चढलो. उतरलो ते फोर्ट कोचीला नव्हे, वायपीनला. अनोळखी मुलूख, म्हातारी आई, हातात शेंगाचटणी आणि कडक भाकरींची पिशवी. क्षणभर मला घाम फुटला. आईने शांतपणे पर्समधून तुमचा कागद काढून वाचायला दिला. तिसऱ्या ओळीत लिहिले होते, ‘चुकून वायपीनला उतरलात तर घाबरू नका, समोर दिसते तेच फोर्ट कोची, जंकारने पार व्हा.’ इतक्या दुरून आमची चूक तुम्हाला आधीच दिसली होती.

जंकार म्हणजे माणसे, दुचाकी, मोटारी आणि टेम्पो असे सगळे एकदम पलीकडे नेणारी सपाट बोट. आई दोन स्कूटरींच्या मध्ये उभी होती आणि बोट सुटली हे तिला किनारा मागे सरकू लागल्यावरच समजले. खाडीच्या मुखाशी आमची बोट थबकली, कारण कंटेनर लादलेले एक जहाज वल्लारपाडमच्या बंदराकडे आत येत होते. सिद्धेश्वर एक्सप्रेसचे डबे एकावर एक रचून कोणीतरी संथपणे ढकलत न्यावेत, असे ते दृश्य होते. आईने मान वर केली ती जहाज पुढे जाईपर्यंत खाली घेतली नाही. इतकी मोठी जहाजे आत येऊ शकतात ती रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याच्या कामामुळे. मुखाशी असलेला वाळूचा बांध त्यांच्या योजनेनुसार कापून काढल्यावर १९२८ साली मुंबईहून निघालेले ‘पद्मा’ हे जहाज आतल्या बंदरात आले, आणि तळातून उपसलेल्या गाळाचा भराव घालून विलिंग्डन बेट उभे राहिले. उपसलेल्या गाळाचे काय करावे हा प्रश्न आपल्याकडच्या तलावांनाही पडतोच, म्हणून ही हकिकत मी आईला दोनदा सांगितली.

फोर्ट कोचीला चिनी जाळ्यांपाशी आम्ही तासभर बसलो. लांब वाशांच्या टोकाला जाळे आणि दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले दगड, अशी ती रचना विहिरीवरच्या मोटेची आठवण करून देते. चार-सहा माणसे मिळून दोर ओढतात आणि एवढ्या खटाटोपातून कधी कधी मूठभरच मासळी निघते. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची मूळ थडग्याची शिळा पाहिली. तो १५२४ साली कोचीतच वारला आणि १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले गेले. आई म्हणाली, ‘म्हणजे इथं कुणीच नाही?’ आणि पुढे निघाली.

मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी आणि ज्यूंचे प्रार्थनागृह (सिनेगॉग) शनिवारी बंद असते, हे तुम्ही लाल शाईने लिहिले नसते, तर आमचे वेळापत्रक नेमके त्याच दिवसांवर आदळले असते. १५५५ साली पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिलेला आणि पुढे डचांनी दुरुस्त केलेला तो वाडा बाहेरून साधा आहे, पण आतल्या भिंतींवर रंगवलेले रामायण आईने एखादी पोथी वाचावी तसे क्रमाने पाहिले. तिथून जवळच एका दुकानात दोन बायका आपसात कोकणी बोलत होत्या. पिढ्यान्‌पिढ्या कोचीत राहणाऱ्या कोकणी घराण्यांविषयी मी ऐकून होतो, परंतु तेराशेच्या आसपास किलोमीटर दक्षिणेला येऊन अर्धे बोलणे दुभाष्याविना समजावे, याचे आईला इतके अप्रूप वाटले, की गरज नसताना तिने तिथे पावशेर मिरी घेतली.

परतीसाठी तुमच्या सांगण्याप्रमाणे वॉटर मेट्रो धरली आणि ती चारच्या आत, कारण सूर्यास्तानंतर फोर्ट कोचीला रांग वाढत जाते. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या या विजेवर चालणाऱ्या बोटी कोचीच्याच जहाजबांधणी कारखान्यात तयार होतात. धक्का तरंगता असल्यामुळे तो पाण्याबरोबर वरखाली होतो आणि बोटीची जमीन नेहमी त्याच पातळीत राहते. येथे आईचा प्रश्न प्रथमच निरुत्तर झाला : ना चढण, ना उतरण. मोठ्या बोटीत शंभर माणसे मोजून घेतात आणि फाटक बंद करतात. वाटेत पाण्यावर जलपर्णी तरंगत होती. ‘कंबर तलावातली इथवर आली वाटतं,’ असे म्हणून आई हसली. सोय विचाराल तर वॉटर मेट्रो निर्विवाद चांगली, पण काचेच्या आत घंटेचा आवाज नव्हता, आणि म्हणून पुढचे दोन दिवस गुडघा साथ देईल तेव्हा आम्ही जुन्या बोटीनेच गेलो.

२००४ साली गोश्री पूल होईपर्यंत वायपीनच्या लोकांना एर्नाकुलम गाठायला मुख्य आधार बोटीचाच होता, आणि शिकत असताना शेवटची बोट चुकली की मैत्रिणीच्या घरी रात्र काढावी लागे, असे तुम्ही एकदा औषध देताना सहज सांगितले होते. तेव्हा मी नुसती मान हलवली होती. त्या धक्क्यावर उभे राहून आलो, म्हणून आता ते ऐकले होते असे म्हणू शकतो.

आमच्या गल्लीतली दोन कुटुंबे दिवाळीनंतर कोचीला निघाली आहेत. त्यांना कागदाची झेरॉक्स मिळाली. मूळ प्रत आई कोणालाही देत नाही. पुढच्या तपासणीला येताना ती तो कागद तुम्हाला दाखवायला घेऊन येणार आहे, कारण तिसऱ्या ओळीत तिने पेन्सिलीने एक दुरुस्ती केली आहे. ‘चुकून वायपीनला उतरलात तर’ यातला ‘चुकून’ तिने खोडला आहे आणि वर लिहिले आहे, ‘मुद्दाम’.

आपला कृतज्ञ,
खाट क्रमांक सातच्या आजींचा मुलगा
सोलापूर