आठवीनंतर आरटीईच्या मुलांनी जायचं कुठे?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

दरवर्षी आरटीईची (शिक्षण हक्क कायद्याखाली गरीब मुलांना खासगी शाळेत मिळणाऱ्या जागांची) सोडत लागली की पेपरात बातमी येते, अर्ज किती आले, जागा किती रिकाम्या राहिल्या वगैरे. पण ह्याच मुलांचं आठवी झाल्यावर काय होतं त्यावर कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी ठाण्यात किसननगरला घरी शिकवण्या घेते. माझ्याकडच्या मुलांचे वडील कोणी वागळे इस्टेटला वर्कशॉपमध्ये, कोणी घोडबंदरच्या टॉवरमध्ये सिक्युरिटीला, बऱ्याच जणांच्या आई घरकामाला जातात. पोराचा पहिलीला नंबर लागला तेव्हा चाळीत पेढे वाटलेत ह्या लोकांनी.

2009 च्या कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत 25 टक्के जागा मिळाल्या, पण मोफत फक्त आठवीपर्यंत. नववीला शाळा सांगते पूर्ण फी भरा नाहीतर दाखला घेऊन जा, आणि शाळेला तरी काय बोलणार, सरकारची प्रतिपूर्ती, म्हणजे ह्या मुलांच्या फीची शाळेला मिळणारी भरपाई, तिथेच थांबते (ती पण वेळेवर येत नाही ही त्यांची तक्रार खरीच आहे). आता जे मूल आठ वर्षं इंग्रजी माध्यमात, कधी वेगळ्याच बोर्डात शिकलं त्याला दहावी एका वर्षावर आली असताना शाळा बदलायला लावायची? माझ्याकडच्या एका मुलीच्या आईने, मुलगी गणितात इतकी छान आहे की मलाच तिचं कौतुक वाटतं, नववीच्या फीसाठी बचत गटातून कर्ज काढलं आणि धाकट्याला मात्र चांगल्या शाळेतून काढून जवळच्या शाळेत घातलं. एकाच घरातली दोन मुलं!

सरकार काहीच करत नाही असं नाही. 2024-25 पासून 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना इंजिनीअरिंग, मेडिकलसारख्या कोर्सची फी माफ झाली, फार चांगला निर्णय आहे. पण तिथवर पोचायला मधली चार वर्षं निघायला हवीत ना. नववी ते बारावीसाठी केंद्र सरकारची एनएमएमएस नावाची वर्षाला 12,000 ची स्कॉलरशिप आहे, तीही सरकारी, पालिकेच्या नि अनुदानित शाळेतल्या मुलांनाच. म्हणजे आरटीईने खासगी शाळेत गेलेलं मूल त्यातूनही बाद.

आणि ती उत्पन्नाची अट! खुल्या प्रवर्गातल्या दुर्बल घटकाला आरटीईसाठी वर्षाला 1 लाखाच्या आतलं उत्पन्न दाखवावं लागतं, म्हणजे महिन्याला साधारण 8,333 रुपये. एवढ्यात ठाण्यात खोलीचं भाडं देऊन कोण जगतं? तेच 10 टक्के ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) आरक्षणाला 8 लाखांपर्यंत चालतं. मग खरा पगार सांगणारा वॉचमन बाहेर राहतो आणि खोटा दाखला काढणारा आत जातो.

2018 मध्ये ओईसीडी ह्या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेचा एक अहवाल आला होता, भारतात गरीब घरातल्या माणसाच्या वंशजांना सरासरी उत्पन्नापर्यंत पोचायला 7 पिढ्या लागतील असं त्यात म्हटलंय. अशा मुलांना चांगली शाळा हाच आधार, पण फेब्रुवारी 2024 ला तर राज्य सरकारने नियमच बदलला होता, 1 किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेत आरटीई प्रवेश नाही. शहरात अशी शाळा कुठे नसते? हायकोर्टाने जुलैमध्ये तो रद्द केला म्हणून ही मुलं वाचली.

2020 चं शैक्षणिक धोरण स्वतःच 3 ते 18 वयाच्या सगळ्या मुलांना शाळेत टिकवायचं म्हणतं. तर मग आरटीईची प्रतिपूर्ती निदान दहावीपर्यंत, जमलं तर बारावीपर्यंत राज्याने स्वतःच्या खिशातून द्यावी आणि 1 लाखाची अट ह्या वर्षीच्या अर्जांच्या आधी वाढवावी. ठाण्याच्या आमदारांनी हा प्रश्न येत्या अधिवेशनात मांडावा ही कळकळीची विनंती.

- एक शिक्षिका, किसननगर, ठाणे (प.)