प्रॉक्सीतल्या शिळ्या प्रतीचा छडा लावून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील ३६ डेबियन (लिनक्सची एक आवृत्ती) संगणकांचे अपडेट पंधरवडाभर अडून बसले होते. आपण सलग दोन संध्याकाळी दूरध्वनीवर वेळ देऊन ते मार्गी लावून दिलेत, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. एकट्याने प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या इतरांच्याही ते उपयोगी पडावे, म्हणून ते सर्वांसमोर ठेवत आहे.

आपल्याला आठवत असेल, मी सुरुवातीलाच "लाइन खराब आहे" असा निकाल देऊन टाकला होता. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर अपडेट सुरळीत होत होते आणि महाविद्यालयाच्या जाळ्यावर 'हॅश सम मिसमॅच' (फाइलीची बेरीज जुळत नाही) अशी लाल ओळ येऊन थांबत होते, एवढ्यावरून मी तो काढला होता. रोज सकाळी एकेका संगणकावरील एपीटीच्या, म्हणजे पॅकेजे (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) उतरवून बसवणाऱ्या साधनाच्या, याद्या पुसून टाकणे, मिरर (पॅकेजे जिथून उतरतात तो सर्व्हर) बदलणे हे सारे करून झाले होते, आणि एका परिचिताच्या सल्ल्यावरून मी उतरवलेल्या फाइलींची पडताळणीच बंद करण्याच्या बेतात होतो. त्या दोन दिवसांत आपण आवाज चढवलात तो फक्त याच मुद्द्यावर, आणि त्याबद्दलही मी आपला ऋणी आहे.

आपण मला काहीही बदलू न देता एकच काम सांगितलेत: ज्या भांडाराची (पॅकेजांच्या साठ्याची) तक्रार येते, त्याची 'पॅकेजेस' ही यादी एकदा प्रॉक्सीमधून, म्हणजे आमचे संगणक आणि इंटरनेट यांच्या मध्ये बसून फाइलींच्या प्रती साठवणाऱ्या स्क्विडमधून, आणि एकदा प्रॉक्सी टाळून उतरवायची आणि दोन्ही प्रतींची एसएचए २५६ बेरीज (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ठसा) ताडून पाहायची. पत्ता एकच असूनही बेरजा वेगळ्या आल्या. प्रॉक्सीकडून आलेल्या उत्तराच्या हेडरमध्ये 'एक्स-कॅश: हिट' (साठवलेली प्रत दिली) असे होते आणि 'एज' (प्रतीचे वय) या नोंदीत सुमारे १,८७,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ ५२ तास. स्क्विड आम्हाला परवाची यादी वाढत होता. संगणकावरच्या याद्या मी कितीही वेळा पुसल्या असत्या, तरी वरून तीच शिळी प्रत पुन्हा आली असती.

भांडाराच्या 'इनरिलीज' या स्वाक्षरीयुक्त फाइलमध्ये प्रत्येक यादीचा आकार आणि बेरीज नोंदलेली असते. इनरिलीज ताजी आली आणि यादी जुनी राहिली, की ताळा चुकतो. मग हे एकाच छोट्या भांडाराच्या बाबतीत का घडते, डेबियनच्या मुख्य भांडाराला काहीच का होत नाही, असे मी विचारले, तेव्हा आपण दिलेले उत्तर मला सर्वांत मोलाचे वाटते. मुख्य भांडार 'बाय-हॅश' पद्धतीने चालते, तिथे यादीच्या पत्त्यातच तिची बेरीज असते, त्यामुळे नव्या यादीच्या जागी जुनी येऊ शकत नाही. छोट्या भांडारात ती सोय नव्हती. पण मुख्य भांडाराची इनरिलीजच शिळी मिळाली, तर जुनी इनरिलीज आणि तिच्याशी जुळणारी जुनी यादी असा बिनतक्रार मेळ बसतो आणि सुरक्षेचे अपडेट आलेलेच कळत नाही. आम्ही लगेच तपासले, आणि खरोखर तसेच घडत होते. लाल ओळीने निदान आरडाओरडा तरी केला होता!

यानंतर स्क्विडची मांडणी (कॉन्फिगरेशनची फाइल) उघडली. पॅकेज भांडारांच्या सर्व पत्त्यांना लागू होणारी एक 'रिफ्रेश पॅटर्न' ओळ तिथे होती: किमान ४,३२० मिनिटे, म्हणजे तीन दिवस, प्रत ताजीच मानावी आणि ग्राहकाने नवी मागितली तरी 'इग्नोर-रीलोड'मुळे त्याच्याकडे दुर्लक्ष करावे. एपीटी याद्या मागताना प्रॉक्सीला ताजी प्रत तपासून द्यायला सांगत असते, पण या ओळीने तिचे तोंडच बंद केले होते. ही ओळ कोणी लिहिली, असे आपण विचारलेत, तेव्हा मी "जुनी आहे" एवढेच म्हणालो. ताई, ती मीच लिहिली होती, लाइनवरचा भार वाचवण्यासाठी. त्यातून वाचले काहीच नव्हते, कारण कमाल आकाराची मर्यादा मूळच्या ४ एमबीवरच राहिल्यामुळे मोठी पॅकेजे साठवलीच जात नव्हती. जे साठवायचे ते सोडून नको ते मी साठवत होतो.

आता इनरिलीज, रिलीज आणि पॅकेजेस या फाइलींसाठी शून्य मिनिटांचे नियम वर आहेत आणि डेब फाइलींचा (प्रत्यक्ष पॅकेजांचा) १,२९,६०० मिनिटांचा, म्हणजे ९० दिवसांचा, नियम त्यांच्या खाली. पहिला जुळणारा नियमच लागू होतो, त्यामुळे हा क्रम महत्त्वाचा, हे आपण तीनदा बजावले होते. डेब फाइलीच्या नावातच आवृत्ती असते, तेव्हा ती ९० दिवस राहिली तरी बिघडत नाही. आकाराची मर्यादा, प्रती साठवण्याची जागा सांगणाऱ्या 'कॅश डिर'च्या ओळीआधी वाढवली आहे, आणि 'स्क्विड -के पार्स' (मांडणीतील चुका तपासणारी आज्ञा) केल्याशिवाय मी आता मांडणी लागू करत नाही.

परवा सर्व ३६ संगणकांवर एकाच वेळी अपडेट चालवले. लॉगमध्ये याद्यांपुढे 'रिफ्रेश'च्या नोंदी आणि डेब फाइलींपुढे ओळीने 'हिट' पाहून आपल्याला दूरध्वनी करावासा वाटला, पण रात्रीचे साडेदहा वाजले होते.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला नम्र,
एक प्रयोगशाळा सहायक