कपबशांचं काय झालं

पुणे, रविवार दुपार

प्रिय मित्रा,

आधी कबुली देऊन टाकतो. लग्नात तू दिलेल्या कपबशा गेल्या. स्वयंपाकघरातली फळी भिंतीतून सुटली आणि सगळं खाली. बायको केरसुणी घेऊन आली, तर मी म्हटलं, थांब, टाकू नकोस. ती नुसतीच बघत राहिली. त्या बघण्यात काय होतं ते तुला वेगळं सांगायला नको.

आईच्या शिलाई मशीनचं लोखंडी स्टँड माळ्यावर पडून होतं. त्यावर तुकड्यांचं टेबल करायचं ठरवलं. भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाऊन वॉटरप्रूफ प्लाय आणला, तीन फूट बाय दीड. टेबल गॅलरीत ठेवायचं आणि तिथे पावसाचे शिंतोडे येतात, म्हणून साधा फेविकॉल बाद. ओल लागली की तो धरत नाही. पॉलिमरवालं टाइल अ‍ॅडहेसिव्ह घेतलं आणि प्लायच्या कडांना आधी प्रायमर मारून घेतला.

बशा सोप्या रे! गोणपाटात गुंडाळायच्या आणि हातोडीने हलकेच ठोकायच्या. (डोळ्यांवर चष्मा हवाच, एक कपची गालाला लागली तेव्हा कळलं.) कप मात्र छळतात. त्यांचा तुकडा वाकडा, एका कडेवर डुलतो. पक्कडीने नखाएवढे केले तेव्हा कुठे बसले. शिवाय कप पातळ, बाथरूमच्या उरलेल्या टाइल्स जाड. पातळ तुकड्याखाली जास्त माल घालून वरची पातळी एक करत बसलो. तीन रविवार गेले. पाठीचं विचारू नकोस.

एक दिवस वाळू दिलं आणि मग दर्जा, म्हणजे तुकड्यांमधल्या फटी, ग्राउटने म्हणजे सिमेंटच्या मालाने भरल्या. पांढरं ग्राउट घेतलं असतं तर पांढऱ्या बशा त्यात विरून गेल्या असत्या, म्हणून करडं घेतलं. श्रीखंडाएवढं घट्ट कालवून रबरी पट्टीने तिरकं ओढायचं आणि पंधरा-वीस मिनिटांनी पिळलेल्या स्पंजने पुसायचं. नेमका तेव्हाच फोन आला आणि मी तासभर बोलत बसलो. परत येऊन पाहतो तर अख्ख्या टेबलावर सिमेंटची साय! व्हिनेगर लावणार होतो, पण शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याने अडवलं. म्हणाला, ‘आंबट लावलं की दर्जा खाऊन टाकतंय, साहेब.’ मग दोन दिवस प्लास्टिकची पट्टी आणि जुना टूथब्रश.

घासता घासता आपली गच्ची आठवली. तिथलं चायना मोझॅक! पाणी आत जाऊ नये आणि ऊन परत जावं म्हणून गच्चीवर फुटकी चिनीमाती बसवतात हे तेव्हा कुठे माहीत होतं. आपल्याला एवढंच ठाऊक, की डांबरावर पाय भाजायचे आणि गच्चीवर त्या मानाने कमी. आई त्यावर कुरडया घालायची आणि आपण राखण करता करता अर्ध्या ओल्याच खायचो. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी जन्माने पुण्याचे, १९२७ सालचे. त्यांनी अहमदाबादला ‘संगाथ’ या आपल्या कार्यालयाच्या कमानदार छपरांवर हेच तुकडे लावलेत. त्यांना २०१८ साली वास्तुकलेचं प्रित्झकर पारितोषिक मिळालं आणि आपल्याला गच्ची उकरली म्हणून मार मिळाला. खरं तर उकरली तूच होतीस. निळ्या फुलाचा तुकडा खिळ्याने काढून कंपासपेटीत लपवलास आणि रपाटे दोघांनी खाल्ले.

टेबल सुबक झालंय असं नाही. एक पाय डुगडुगतो, खाली पुठ्ठा घातलाय. तुझ्या कपांचे कान मधोमध, ओळीने बसवलेत. त्यामुळे तिथे काही ठेवता येत नाही, असं घरच्यांचं म्हणणं. बरोबर आहे, पण काढणार नाही.

डाव्या कोपऱ्यात रुपयाएवढी जागा मुद्दाम मोकळी सोडली आहे. तो निळा तुकडा अजून असला तर घेऊन ये. नसला तरी ये. चहा मात्र स्टीलच्या पेल्यात मिळेल.

तुझा,
नेहमीचाच