फोनवरून माझा शब्दकोश वाचवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर ‘थँक्यू’ म्हणून मी मोकळा झालो, पण तेवढ्याने समाधान होईना. म्हणून हे जाहीर पत्र.

ऐन दिवाळी अंकाच्या घाईत लाइट गेली, आणि परत आल्यावर माझं लिबरऑफिस रायटर, म्हणजे मी ज्यात मजकूर लिहितो-तपासतो तो प्रोग्राम, वेड्यासारखं वागायला लागलं. टूलबार गायब, फॉरमॅट मेनूला हात लावला की विंडो बंद. अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकलं, तरी दुखणं जैसे थे. दुकानात विचारलं तर ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे ठरलेलं उत्तर.

तुम्ही मात्र आधी स्टार्ट मेनूतून सेफ मोडमध्ये, म्हणजे आपल्या सेटिंग बाजूला ठेवून, उघडायला लावलंत. तिथे सगळं सुरळीत. ‘म्हणजे प्रोग्राम ठणठणीत आहे काका, बिघडलंय ते प्रोफाइल,’ असं तुम्ही म्हणालात. कारण सांगणारं माणूस मला तेव्हा पहिल्यांदा भेटलं! आपल्या सगळ्या सेटिंग विंडोजमधल्या अ‍ॅपडेटाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये, ‘यूजर’ नावाखाली वेगळ्या राहतात. प्रोग्राम काढला तरी त्या जागच्या हलत नाहीत, आणि नवा टाकला की तो त्याच उचलतो. (आवृत्ती कितीही पुढे गेली तरी त्या यूजरच्या वरच्या फोल्डरचं नाव अजून ‘4’च आहे, याची मला गंमत वाटते.)

सेफ मोडच्या चौकटीत पूर्ण प्रोफाइल रीसेट करायचा पर्याय समोरच होता. मी तिकडे वळणार, तोच तुम्ही विचारलंत, ‘शब्दकोशात स्वतःचे शब्द घातलेत का?’ मुद्रितशोधकाला हा प्रश्न! पागोळ्या, तालेवार, आंबेमोहर, शिवाय गावोगावच्या लेखकांची आडनावं, असं वर्षानुवर्षं भरत आणलेलं ते भांडं आहे. रीसेटमध्ये तेही रिकामं झालं असतं.

मग तुम्ही म्हणालात, ‘डिलीट नको, नाव बदला.’ रायटर बंद करून ‘यूजर’चं ‘यूजर जुना’ केलं, रायटर उघडलं, नवं कोरं फोल्डर आपोआप तयार झालं आणि टूलबार जागेवर आले. जुन्यातलं फक्त ‘वर्डबुक’ हे शब्दकोशाचं फोल्डर उचलून नव्यात ठेवलं. सेटिंगची मोठी फाइल मुद्दाम मागेच ठेवली, कारण खोट तिच्यातच असण्याची शक्यता जास्त. तुम्ही कोशाची फाइल नोटपॅडमध्ये उघडायला सांगितलीत. वर इंग्रजीत मथळ्याच्या चार ओळी, आणि खाली एकेका ओळीवर एकेक माझा शब्द. जीव भांड्यात पडला.

भाषांच्या पर्यायांत जाऊन देवनागरीसाठीची खूण आणि फॉन्ट पुन्हा लावावे लागले, पण ते काम पाच मिनिटांचं. तुमचं बघून पुढे आपोआप दुरुस्त्यांचं (ऑटोकरेक्टचं) फोल्डरही मी एकट्यानेच आणलं, तेही चाललं.

जुनं फोल्डर अंक छापून होईपर्यंत काढणार नाही. भाऊबीजेच्या सुमारास इकडे येणं झालं तर फराळाला नक्की या.

आपला,
एक मुद्रितशोधक काका