काट्यावर फक्त उसाचे वजन होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या वाळवा तालुक्यात रस्तोरस्ती उसाच्या बैलगाड्या दिसतात आणि पाठोपाठ मोबाइलवर ठरलेले व्हिडिओ येतात. चढावर बैल गुडघ्यावर आलेला, गाडीवान आसूड ओढतोय. खाली शिव्यांची लाखोली, "यालाच जुंपा गाडीला!" असे व्हिडिओ मीही पुढे धाडलेले आहेत.

यंदा तो प्रकार माझ्याच दारासमोर घडला. ओढ्यावरच्या पुलाला लागून चढ आहे. पहाटे पाचच्या सुमाराला डावीकडचा बैल घसरला आणि जू त्याच्या मानेवर दाबले गेले. आम्ही चार-पाच जण धावलो, चाकांना दगड लावले, जुवाला बांधलेल्या गळ्यातल्या सापत्या सोडल्या. खांद्यावर वाटीएवढी सूज, वरचे कातडे सोललेले. आमच्यातल्या एकाने गाडीवानाची गचांडी धरली. पोरगा बीडकडचा, विशी-बाविशीतला. तो काही बोलला नाही. मोळ्यांवर तान्हे मूल घेऊन बसलेली त्याची बायको वरून म्हणाली, "दादा, बैल आमचाच हाय. त्यो मेला तर आमीच मेलो."

गचांडी सुटली. आमच्या माना खाली गेल्या, हे खरे.

त्या बैलजोडीचे पैसे मुकादमाकडून, म्हणजे तोडणीची टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेल्या उचलीतले, म्हणजे आगाऊ रकमेतले. उचल फेडायची ती टनावर, म्हणजे खेप जितकी जड तितके कर्ज हलके. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडणीची एक जोडी. एक दिवस खाडा झाला तर दंड. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती हवीच होती. पण दर टनावरच राहिला, त्यामुळे गाडीत एक मोळी जादा टाकायचा मोह काही गेला नाही. ज्याच्या मानेवर कर्जाचे जू आहे, त्याला बैलाच्या मानेची दया शिकवणारे आपण कोण? शिकवू नये असे नाही. पण आधी त्याचे जू हलके करा.

आणि कायदा नाही असेही नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ साली ओझ्याच्या जनावरांसाठी नियम झाले. बैलाच्या वजनाप्रमाणे आणि गाडीच्या प्रकाराप्रमाणे भाराची मर्यादा त्यात आहे. दिवसात नऊ तासांवर काम नको, सलग पाच तासांवर तर नाहीच. टोकदार आर लावलेली काठी वापरायची नाही. साठ वर्षे उलटली. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीचे वजन किलोपर्यंत नोंदले जाते, म्हणजे मर्यादा कोणी ओलांडली हे तिथल्या संगणकाला रोज कळते. तिथेच जादा भाराची गाडी अडवावी आणि त्याचा भुर्दंड गाडीवानाच्या नाही, वाहतुकीचा करार करणाऱ्याच्या नावावर टाकावा. दंड गाडीवानावर बसला तर तो उचलीत मिळवला जाईल आणि पुढची खेप आणखी जड होईल.

आमच्याच तालुक्यातल्या राजारामबापू इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी २०२२ साली 'सारथी' नावाचे साधन केले होते. जुवाखाली टेकणारे एक तिसरे चाक, त्यामुळे मानेवरचा भार चाकावर येतो. तेव्हा त्याचे फोटो देशभर फिरले, सगळ्यांनी वाहवा केली. आमच्या रस्त्यावर मात्र तसे चाक लावलेली गाडी मी अजून पाहिलेली नाही. गाड्या बहुतेक कारखान्यांच्या किंवा ठेकेदारांच्या. चाक बसवायचे तर त्यांनीच बसवायला हवे. गाडीवान कुठून बसवणार?

ती बाई नंतर आमच्या ओट्यावर टेकली. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला याच खांद्याला हळद-तूप चोळले होते, म्हणाली. माझ्या आईने घरातली हळद आणि खोबरेल दिले. ते त्या पोराने बैलाला लावले, मग हाताला उरलेले स्वतःच्या कोयत्याने चिरलेल्या बोटाला. नंतर शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने गाडी चढ ओलांडून दिली. बैल मोकळे मागून चालले.

चढ तासून मुरूम टाकावा, पुलाजवळ जनावरांसाठी पाण्याचा हौद बांधावा, असा अर्ज मी ग्रामपंचायतीत दिला आहे. पोच मिळाली, उत्तर अजून नाही. हंगाम अजून बराच बाकी आहे, आणि त्या चढावरून रात्रीत वीस-पंचवीस गाड्या जातात.

आपला,
एक वाचक, ता. वाळवा, जि. सांगली