दुपारी एकला शर्यत संपली नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टेकड्या, उद्याने आणि नदीकाठ यांवरून रविवारी पुण्यात झालेल्या 50 किलोमीटरच्या अल्ट्रामॅरेथॉनची बातमी आपल्या सोमवारच्या अंकात वाचली. ‘दुपारी एक वाजता पारितोषिक वितरणाने स्पर्धेची सांगता झाली,’ हे तिच्यातील शेवटचे वाक्य वाचून मला अतिशय वाईट वाटले आणि रागही आला. नोंदणीच्या वेळी जाहीर झालेली मुदत दहा तासांची होती आणि स्पर्धा पहाटे पाचला सुरू झाली होती. म्हणजे ती दुपारी तीनपर्यंत चालू होती. एक वाजता मी छातीवर क्रमांक लावून मुळा-मुठेच्या संगमाच्या अलीकडे नदीकाठाने धावत होते आणि माझ्या पुढे-मागे बरेच जण होते. त्यांतले कोणीही मुदतीच्या बाहेर गेलेले नव्हते.

न धावणाऱ्यांना हा वाद क्षुल्लक वाटू शकेल. परंतु मॅरेथॉनच्या 42.195 किलोमीटरपुढे जाणाऱ्या शर्यतीत बहुसंख्य लोक पहिल्या तीनांत येण्यासाठी उतरतच नाहीत. ते दिलेल्या मुदतीत अंतर पूर्ण करण्यासाठी उतरतात, आणि म्हणून ती मुदत हा आयोजकांनी त्यांना दिलेला शब्द असतो. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या शहरांदरम्यान 1921 पासून होणाऱ्या, सुमारे 90 किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीत आपल्याकडचे पुष्कळ धावपटू भाग घेतात. तिथे बारा तास पूर्ण झाले की बंदुकीचा बार होतो आणि त्यानंतर एका सेकंदाने आलेल्यालाही पदक मिळत नाही. नियम कठोर आहे. पण तो बार होईपर्यंत प्रेक्षक जागचे हलत नाहीत, आणि अकरा ते बारा तासांत येणाऱ्यांना जे पदक मिळते त्याला शर्यतीचे संस्थापक व्हिक क्लॅपहम यांचे नाव दिलेले आहे. संस्थापकाचे नाव सर्वांत शेवटी येणाऱ्यांच्या पदकाला द्यावे, असे त्या लोकांना वाटले, याचे मोल मला रविवारी फार प्रकर्षाने कळले.

टेकड्यांवरचा पहिला टप्पा उत्तम झाला, हे मोकळेपणाने सांगते. वेताळ टेकडीवर डोक्याला दिवे बांधून अंधारात चढताना प्रत्येक वळणावर स्वयंसेवक उभे होते, खाणीच्या बाजूला दोरी लावलेली होती आणि हनुमान टेकडीकडे जाताना मीठ लावलेले उकडलेले बटाटे, चिक्की, संत्री असे सगळे मुबलक होते. ती व्यवस्था पाहणारी तरुण मुले-मुली कौतुकास पात्र आहेत. माझी तक्रार टेकडी उतरून मुळा नदीचा काठ लागल्यानंतरची आहे.

मार्ग नदीकाठच्या एका उद्यानातून आखलेला होता. एका फाटकाने आत शिरायचे आणि दुसऱ्याने बाहेर पडायचे. पाण्याचे टेबलही उद्यानाच्या आतच, सावली पाहून मांडलेले होते. पुण्यातली बहुतेक उद्याने दुपारच्या वेळी बंद असतात, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. मी पोहोचले तेव्हा फाटकाला कुलूप होते, टेबल उचललेले होते आणि गजांतून पलीकडे पाण्याचे रिकामे जार रचून ठेवलेले दिसत होते. माझ्याआधी पोहोचलेली एक तरुणी पोटऱ्यांत गोळे येऊन कट्ट्यावर बसली होती, आणि सत्तरीला टेकलेले एक काका आयोजकांनी दिलेल्या क्रमांकावर पुन:पुन्हा फोन लावत होते. तो कोणीही उचलत नव्हते. शेवटी आतल्या रखवालदारानेच आम्हाला पाहिले. ‘ताई, फाटक उघडायची मला परवानगी नाही, पण बाटल्या द्या इकडे,’ असे म्हणून त्याने गजांतून आमच्या सगळ्यांच्या बाटल्या घेतल्या, नळावर भरून आणल्या आणि स्वतःच्या डब्यातल्या मिठाची पुडी त्या मुलीच्या हातावर ठेवली. ज्याचा शर्यतीशी काडीचाही संबंध नव्हता, त्या माणसाने आयोजकांचे काम केले. त्याचे नाव इथे लिहून त्याला अडचणीत आणण्याची माझी इच्छा नाही. पण ही गोष्ट छापील स्वरूपात कुठेतरी राहावी, असे मला मनापासून वाटते.

मिठाचा उल्लेख मी सहज केलेला नाही. सहा-सात तास घाम गाळल्यावर माणूस नुसते पाणी पीत राहिला, तर रक्तातील सोडियम घटते. आधी मळमळ आणि डोकेदुखी, मग भान हरपणे आणि प्रसंगी झटके, इथपर्यंत मजल जाते. डिसेंबरातली पहाट कितीही गार असली तरी दुपारी पारा तिशीच्या आसपास जातो, आणि नदीच्या ज्या भागात काठाची झाडे गेली आहेत तिथे डोक्यावर ऊन आणि पायाखाली तापलेले काँक्रीट असते. म्हणजे शर्यतीत मदतीची सर्वांत जास्त गरज शेवटच्या तीन तासांत, सर्वांत मागे असलेल्यांना असते, आणि नेमकी त्याच वेळी, त्याच लोकांसाठीची मदत उचलली गेली होती. वेगवान धावपटू साडेनऊ-दहापर्यंत घरी गेलेले होते. त्यांना त्या बंद फाटकाची कल्पनाही नसेल.

यावर आयोजकांनी सोमवारी सर्व स्पर्धकांना पाठवलेल्या संदेशात ‘उद्यानाच्या वेळा आमच्या हातात नव्हत्या’ असे म्हटले आहे. वेळा हातात नव्हत्या, हे मान्य. परंतु टेबल कुठे मांडायचे हे तर हातात होते. ते फाटकाबाहेर, पदपथावर मांडले असते आणि तीनपर्यंत तिथे दोन माणसे थांबली असती, तर हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती. बाहेर वळसा घालून जाण्याचा मार्ग कोणीही आखून दिलेला नसल्यामुळे आम्हाला भर वाहतुकीच्या रस्त्यावरून, बसगाड्यांच्या शेजारून, स्वतःच्या अंदाजाने पुढचा काठ गाठावा लागला. स्त्री धावपटूंची अडचण आणखी वेगळी होती. त्या संपूर्ण टप्प्यातील एकमेव स्वच्छतागृह त्याच उद्यानाच्या आत होते. याविषयी स्पष्ट लिहायला मला संकोच वाटत नाही, कारण ते कोणी लिहीत नाही म्हणूनच पुढच्या वर्षीही तसेच घडते.

नदीकाठ मुळात सलग नाही, हे मी जाणते. कुठे नाला आडवा येतो, कुठे लष्कराची हद्द आहे, कुठे खासगी कुंपण थेट पाण्यापर्यंत गेले आहे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या 44 किलोमीटर लांबीवर आखलेल्या नदीकाठ सुधार प्रकल्पाची चर्चा आपल्या वृत्तपत्रातून वारंवार होते, आणि सलग पायवाट मिळणार म्हणून धावणाऱ्या मंडळींना तो प्रकल्प हवासा वाटतो, असे गृहीत धरले जाते. माझ्यासारख्या अनेकांना तो तसा वाटत नाही. आम्हाला मातीची वाट आणि तिच्यावर सावली धरणारी झाडे हवी आहेत. जलपर्णीने झाकलेल्या आणि सांडपाण्याने घाण झालेल्या पात्राशेजारी घातलेली फरशी नको आहे. ज्याने भर दुपारी त्या काठाने दहा किलोमीटर कापले आहेत, त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

याच ओघात आणखी एक गोष्ट नोंदवते. मंगळवारी सकाळी नेहमीप्रमाणे वेताळ टेकडीवर गेले, तेव्हा मार्ग दाखवण्यासाठी बांधलेल्या गुलाबी प्लॅस्टिकच्या फिती गिरिपुष्पाच्या फांद्यांवर तशाच लोंबत होत्या आणि कातळावर रंगाने काढलेले बाण तसेच होते. फिती काढता येतील. कातळावरचा रंग मात्र कित्येक पावसाळे राहील. बाणांसाठी मैदानावर वापरतात ती फक्की वापरली असती, तर चार दिवसांत मागमूस राहिला नसता. ही टेकडी नियोजित रस्त्यापासून वाचवण्यासाठी शहरातील शेकडो माणसे मोर्चात चालली आहेत, आणि त्यांत धावपटूही होते. त्याच धावपटूंच्या नावाने होणाऱ्या शर्यतीने तिच्यावर रंग फासावा, हे मला सहन होत नाही. फिती या आठवड्यात निघाल्या नाहीत, तर रोज टेकडीवर येणारी आम्ही मंडळी त्या काढू.

1983 पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन भरवणाऱ्या या शहराला लांब पल्ल्याची शर्यत नवीन नाही, आणि उद्याने, टेकड्या व नद्या यांना जोडणारी शर्यत इथे व्हावी, दरवर्षी व्हावी, असेच मला वाटते. म्हणूनच आपल्याला एक विनंती आहे. ज्यांचा वर उल्लेख केला ते काका दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी, म्हणजे मुदत संपायला वीस मिनिटे असताना, अंतिम रेषेवर पोहोचले. तेव्हा वेळ नोंदवणारी चटई गुंडाळून टेंपोत ठेवलेली होती. निकालपत्रकात त्यांच्या नावापुढे ‘अपूर्ण’ असा शेरा आहे. त्यांच्याआधी काही मिनिटे पोहोचलेल्या माझ्या नावापुढेही तोच शेरा आहे, पण माझे मी सोडून देते. त्यांच्या घड्याळात पहाटे पाचपासूनची संपूर्ण मार्गाची नोंद आहे आणि ती आयोजकांना पाठवूनही मंगळवार रात्रीपर्यंत त्यांना उत्तर आलेले नव्हते. आपण सोमवारी पहिल्या तिघांची नावे आणि वेळा ठळक अक्षरांत छापल्या. आता मुदतीत पोहोचलेल्या सर्वांचा दुरुस्त निकाल आयोजकांकडून मागवून घ्यावा आणि तोही त्याच पानावर छापावा.

आपली,
एक नियमित वाचक,
कोथरूड, पुणे